परीक्षेचा फोन

ख्रिस्ती मंडळीत तिला सगळे मास्तरीणबाई म्हणत, पण शाळेत फळ्यापुढे ती आयुष्यात कधी उभी राहिली नव्हती. पोटापाण्याला ती चष्म्याच्या दुकानात होती. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम टेकवायची, काडी कानामागे टोचतेय का विचारायचं, टोचत असली तर गरम करून हलकेच वाकवायची, आणि हरवलेला चष्मा कपाळावरच आहे हे म्हाताऱ्यांना न हसता सांगायचं, हे तिचं काम. मास्तरीण ती झाली मंडळीतल्या पाठवणीच्या वर्गामुळे.

परक्या मुलखात, परक्या बोलीच्या माणसांत जाऊन राहायचं आणि तिथे सुवार्ता सांगायची, असं ज्यांच्या मनाने घेतलं त्यांना हा वर्ग करावा लागे. अनोळखी भाषा नुसत्या कानाने कशी उचलायची, वाढलेलं अन्न तोंड वाकडं न करता कसं खायचं, ताप आला तर काय, दाढ दुखली तर काय, आणि आपल्या रीती दुसऱ्याच्या गळ्यात न बांधता त्याच्या चुलीपाशी कसं बसायचं, हे सगळं पाळकसाहेब आणि बाहेरून येणारे शिक्षक शिकवत. मास्तरीणबाईकडे एकच धडा होता, आणि वर्गाला धास्ती असायची ती त्याचीच.

त्या धड्यामागे एक फजिती होती. मंडळीने फार हौसेने पाठवलेलं एक जोडपं आजीचा पाय मोडल्याचं कळताच सामान आवरून घरी आलं होतं. आजी थोड्याच दिवसांत ठणठणीत झाली आणि घरभर सगळ्यांवर ओरडत फिरू लागली. पण तिकडच्या वस्तीने या दोघांना नुकतंच कुठे आपलं म्हटलं होतं. आले, गोड बोलले आणि पाठ फिरवून गेले, एवढंच तिथे लोकांच्या लक्षात राहिलं. पुन्हा कोणी गेलं तर त्यांना कोणी पाणीसुद्धा विचारेना. मग मंडळीच्या पंचांनी ठरवलं की पहिलं वर्ष तिथल्या माणसांचं. घरून काहीही कानावर येवो, जागा सोडायची नाही.

नियम करणं सोपं असतं. तो अंगवळणी पडावा म्हणून सरावाची टूम निघाली. सभागृहात दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवायच्या, कारण फोनवर चेहरा दिसत नाही. एका खुर्चीत जाणारा, दुसरीत घरचं माणूस. घरच्या माणसाने रडून-भेकून परत बोलवायचं, जाणाऱ्याने तीनच वाक्यं बोलायची: ऐकलं. प्रार्थना करतो. मी इथेच आहे. की फोन खाली.

पहिल्या सरावाला घरचं माणूस व्हायला कोणी पुढे येईना, म्हणून हिला बसवलं. आणि ही बया अशी काही रडली, की पाळकसाहेबांची बायको पदर डोळ्यांना लावून बाहेर गेली. त्या दिवसापासून ते काम हिच्याकडेच आलं. तिने ते अंगचोरपणा न करता केलं, हेच तिचं वाईट झालं. पोरं पक्की होऊ लागली तशी तिने युक्त्या वाढवल्या. ‘हे नाटक नाही रे, खरंच सांगतेय’ हे तिनेच काढलं. ‘घे, पाळकसाहेबांशी बोल’ हेही तिचंच, आणि पाळकसाहेबही मान डोलावून त्यात सामील झाले. पुढे तर जाऊन पोहोचलेल्यांनाही पहिल्या वर्षात एकदा, न कळवता, असा फोन करायची पद्धत पडली. तो परीक्षेचा फोन. तोही तीच करायची, आणि आजवर एकही जण नापास झाला नव्हता. तिला याचा अभिमान होता. का नसावा? तिचे लोक परक्या मातीत टिकले होते.

तिचा नवरा शाळेची बस चालवायचा. सराव असला की बस उभी करून मागच्या बाकावर येऊन बसे आणि बायकोचं रडणं ऐकून गालातल्या गालात हसे. ‘घरी माझ्यासाठी कधी इतकी रडली नाहीस,’ असं चिडवायचा.

त्या दोघांचा एकुलता एक मुलगा, ताडमाड उंच, म्हणून घरात आणि मंडळीत लंबूच. तोही वर्गात बसला, आईच्या पाठीला पाठ लावून तीन वाक्यं म्हणाला, आणि पाळकसाहेबांनी डोक्यावर हात ठेवून केलेलं हस्तार्पण घेऊन दूर डोंगरातल्या एका वस्तीत गेला. जाताना म्हणाला होता, ‘आई, माझा फोन तूच करणार ना? बघ मग, तुझ्या सगळ्या विद्यार्थ्यांत मी पहिला येतो की नाही.’

त्याला जाऊन वर्ष व्हायचं होतं, आणि बापाने अंथरूण धरलं.

आधी पोट दुखतं म्हणाला, मग जेवण तुटलं, मग डोळे पिवळे झाले. डॉक्टरांनी तिला दाराबाहेर बोलावलं आणि म्हणाले, ‘आता दवाखान्यात ठेवून उपयोग नाही. घरी न्या, दुखणं कमी राहील एवढं बघू. कोणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या.’ भिंतीला धरून ती तिथेच खाली बसली.

नवऱ्याला कोणी काही सांगितलं नव्हतं, पण आपल्या अंगाचं आपल्याला कळतं. एका सकाळी तिने त्याचं तोंड पुसलं तेव्हा तो म्हणाला, ‘लंबूला एकदा बघू दे मला. मग काय व्हायचं ते होऊ दे.’

‘अहो, पण वर्ष...’ ती बोलून गेली आणि तिची तिलाच लाज वाटली.

‘मला ठाऊक आहे वर्षाचं,’ तो म्हणाला. ‘तरी विचारून बघ.’

शेजारणीला त्याच्यापाशी बसवून ती तशीच, घरातल्या साडीवर, प्रार्थनामंदिराच्या कचेरीत गेली. वाटेत तिने मनातल्या मनात पंचांशी भांडण मांडलं होतं, पण त्याची वेळच आली नाही. पाळकसाहेब ऐकताच उभे राहिले. ‘नियम गेला खड्ड्यात, बाई. लावा फोन.’

तिकडचा फोन डोंगराच्या पायथ्याशी एका वाण्याच्या दुकानात होता. वाण्याने माणूस वर पाठवला. तेवढा वेळ ती कचेरीतल्या लाकडी बाकावर बसून होती, आणि तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की आपण त्याला सांगणार काय? बाबा आजारी आहेत? हे तिने कितीतरी जणांना सांगितलं होतं. डॉक्टरांनी आशा सोडली? तेही झालं होतं. हे खरं आहे? तिच्या धड्यातलं ते सगळ्यात गाजलेलं वाक्य होतं. पाळकसाहेबांकडे फोन द्यावा? तोही मार्ग तिनेच बंद करून ठेवला होता. खऱ्या आईने जे जे बोलावं ते ते ती आधीच वापरून बसली होती.

फोन वाजला. पाळकसाहेबांनी रिसीव्हर तिच्या हातात दिला.

‘आई?’ लंबूचा आवाज. धावत आला असावा, धाप लागली होती.

‘लंबू, बाळा, बाबांचं काही खरं नाही रे. ये तू.’

पलीकडे त्याने श्वास सोडला. त्या श्वासातच त्याला हसू आलं की काय असं तिला वाटलं.

‘आला का माझा फोन,’ तो म्हणाला. ‘मी रोज वाट बघत होतो.’

‘तो नाही हा. अरे, तो फोन नाही हा. तुझ्या बाबांची शपथ.’ सरावात तिने शपथ कधी घातली नव्हती. तेवढंच तिच्याकडे नवं उरलं होतं. ‘ते तुझ्या खोलीत झोपलेत. तुझ्याच खाटेवर. खिडकीतून रस्ता दिसतो म्हणाले.’

‘आई...’ त्याचा आवाज कापला. त्याला खरं वाटतंय, या आशेने तिने रिसीव्हर कानात रुतवला. ‘आई, फार अवघड केलंस गं. बाकीच्यांना इतकं अवघड केलं नव्हतंस.’

‘बेटा, पाया पडते तुझ्या.’

‘ऐकलं,’ लंबू म्हणाला. ‘प्रार्थना करतो. मी इथेच आहे.’

आणि फोन ठेवला.

पाळकसाहेबांनी लगेच पुन्हा लावला. वाण्याने उचलला. लंबू वर निघूनही गेला होता. मीठ-तेल संपलं की खाली येतो, आता काय लवकर यायचा नाही, असं वाणी मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाला. पाळकसाहेब ओरडून सांगू लागले, बाप मरतोय, माणूस पाठव, त्याला खाली आण. वाणी शांतपणे म्हणाला, ‘हो हो. त्याने सांगून ठेवलंय. असा फोन येईल, घाबरू नका म्हणून.’ शेजाऱ्यापाजाऱ्यांना आधी सांगून ठेवायचं, हेही वर्गातच शिकवलेलं होतं. लंबू काही विसरला नव्हता.

‘मी स्वतः जातो,’ पाळकसाहेब म्हणाले. ते मनापासूनच म्हणत होते. पण तिकडे जायचा परवाना निघायला किती वेळ लागतो हे दोघांनाही माहीत होतं, आणि डॉक्टर काय म्हणाले हेही. ते खुर्चीत बसले आणि तोंडावर हात घेऊन रडले. ती रडली नाही. या कचेरीत, या फोनवर ती इतकी रडली होती की आता तिला आपलंच रडं नकोसं झालं होतं.

घरी नवरा जागा होता. शेजारीण उठून गेली. तो नुसता बघत राहिला, तोंडाने विचारायचीसुद्धा त्याला भीती वाटत होती. त्या नजरेपुढे तिला खरं बोलवेना.

‘निघतोय म्हणाला,’ ती म्हणाली.

त्याचा चेहरा असा सैल झाला, की तिला वाटलं, बरं केलं आपण. त्याने दोन घोट पाणी मागितलं. उशी उंच करायला सांगितली. पोरगं वाळलं असेल, काळंठिक्कर पडलं असेल, असं काहीबाही बोलला. जरा वेळाने कळ आली तसे त्याने गुडघे पोटाशी घेतले. तिने बाटली हलवली आणि दुखण्याचं औषध चमच्यात ओतून त्याच्या तोंडाशी नेलं.

त्याने ओठ मिटून घेतले.

‘घ्या ना. थांबेल दुखायचं.’

‘झोप लागते त्याने,’ तो दात आवळून म्हणाला. ‘तो आला आणि मी झोपलेलो असलो तर? नको. जागा राहतो मी.’

‘अहो, तो आला की मी उठवीन.’

‘त्या औषधावर मी उठत नाही. काल तू किती हाका मारल्यास.’ कळ पुन्हा आली. कपाळावर घाम आला तरी त्याने मान हलवून नाहीच म्हटलं.

ती हातात चमचा धरून उभी राहिली. आपण त्याला काय देऊन बसलो हे तिला आता कळलं. मग ती खाटेच्या कडेला टेकली आणि तिने सांगून टाकलं.

‘तो येत नाहीये. त्याला वाटलं, परीक्षेचा फोन आहे. मी शपथ घातली तरी त्याला पटलं नाही. तुम्ही औषध घ्या. कोणी यायचं नाहीये.’ बोलता बोलता तिला इतक्या वेळाने रडू फुटलं, आणि ते आवरेना.

नवरा तिच्याकडे बघत होता. दुखत असतानाही त्याच्या गालावर हसू आलं.

‘औषधासाठी एवढं?’ तो म्हणाला. ‘मलाही खरं वाटलं असतं बघ. पण मी मागच्या बाकावर बसलेला माणूस आहे.’

‘अहो, खरंच सांगतेय.’

‘हो, हो,’ तो म्हणाला, आणि ओठ घट्ट मिटून त्याने तोंड खिडकीकडे फिरवलं.

तिने पुन्हा सांगितलं. आणखी एकदा सांगितलं. तो रस्त्याकडे बघत कण्हत राहिला. शेवटी तिने चमच्यातलं औषध परत बाटलीत ओतलं.