तवंदीच्या उतारावर चुकलेला गिअर

नंदगडच्या नागोजीची उभी हयात ट्रकच्या स्टिअरिंगमागे गेली. त्याचे मालक हरिभाऊ यांची दहाचाकी गाडी तर त्याच्याशिवाय कुणाला नीट ऐकायचीच नाही. गिअरबॉक्स झिजलेला. क्लच दाबून गाडी न्यूट्रलला आणायची, क्लच सोडून रेस द्यायची, परत क्लच दाबून मग खालचा गिअर घालायचा. असा डबल क्लच मारला तरच गिअर पडायचा, नाहीतर दात करकरायचे. बेळगावातल्या फाउंड्रीचा माल भरून कोल्हापूरला न्यायचा आणि येताना मिळेल ते भाडं घेऊन परतायचं, हे त्याचं ठरलेलं काम.

पण त्याच क्लचने नागोजीचा डावा गुडघा खाल्ला. बेळगावच्या कॅम्पातल्या डॉक्टरांनी गाडी सोडायला सांगितली. हरिभाऊ भला माणूस. ते म्हणाले, "तुझ्या नजरेखाली कुणीतरी तयार कर. मग तू माझ्या ऑफिसात बस, गाड्यांचं बघ."

तेव्हा पुढे आली ती नागोजीची सून, रचना. तिचा नवरा मष्णू गोव्यात कारखान्यात कामाला. तिचं माहेर सदलग्याचं. लग्नाआधी ती उसाच्या ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर चालवायची, आणि आता तिने अवजड गाडीचं लायसन्सही काढलं होतं.

"मामा, मी येऊ काय तुमच्यासंगं?" तिने विचारलं.

नागोजी काही बोलायच्या आत त्याची बायको अंबुबाई म्हणाली, "जा की. घरात बसून लायसन चाटायचंय व्हय?"

नागोजीने सांगितल्यावर हरिभाऊ थोडे बिचकले, मग म्हणाले, "चार खेपा ने तिला. तू हो म्हणालास की ती तुझ्या जागेवर बसेल."

तुझ्या जागेवर. एवढे दोन शब्द नागोजीच्या मनात रुतून बसले.

रचना भराभर शिकली. नागोजीला आपल्या उस्तादाच्या शिव्या खात जे यायला वर्षं लागली होती, ते तिला इंजिनाच्या आवाजावरून कळायचं. यमकनमर्डीच्या चढावर माल भरलेली गाडी दम टाकायच्या आत ती खालचा गिअर घालायची, आणि गाडीला साधा झटकाही बसायचा नाही. नागोजी शेजारच्या सीटवर बसून मान डोलवायचा. चांगलं म्हणायला मात्र त्याची जीभ वळायची नाही.

एकदा दुपारी ते निपाणीकडे निघाले होते. गाडी लोखंडी मालाने भरलेली. तवंदी घाटाच्या माथ्यावर रचनाने वेग कमी केला. उतार लागायच्या आधीच चौथ्या गिअरात यायचं, हे नागोजीनेच तिला शिकवलं होतं. पण मागच्या ट्रकमधून शामू नावाचा त्याचा जुना सोबती सारखा हॉर्न मारत होता. सुनेला गाडी शिकवतोस म्हणून त्याने ढाब्यावर नागोजीची चेष्टा केली होती. नागोजीला ते टोचलं.

"आत्ता नको गिअर पाडू. पाचव्यातच जाऊ दे. मागं खोळंबा हुतोय," तो म्हणाला.

"मामा, लोड लई हाय."

"सांगतोय तसं कर."

तिने ऐकलं. निम्म्या उतारावर गाडी अंगावर आल्यासारखी पळू लागली. ब्रेक दाबून दाबून तापल्याचा वास आला. नागोजी ओरडला, "चौथा घाल! घाल चौथा!"

तिने गिअर काढला, पण चौथा पडेना. दात करकरले. गाडी न्यूट्रलमध्ये मोकाट सुटली. नागोजीने दाराची दांडी घट्ट धरली आणि डोळे मिटले. रचनाने गिअरशी झोंबायचं सोडलं. क्लच सोडला, रेस पार खाली दाबली, इंजिन किंचाळलं तसा परत क्लच मारून तिने गिअर आत ढकलला. अख्खी गाडी हादरली आणि मग आवरली.

खाली आल्यावर तिने गाडी कडेला घेतली. नागोजीला म्हणायचं होतं की चूक माझी, गाडी वाचवलीस तू. पण तोंडातून निघालं, "सांभाळून चालवावं गं."

दुसऱ्या दिवशी हरिभाऊंनी त्याला विचारलं, "काय रे, द्यायची का गाडी तिच्या ताब्यात?"

नागोजी खाली बघत म्हणाला, "तवंदीच्या उतारावर गिअर चुकला तिचा. अजून जमंना."

गिअर चुकला हे काही खोटं नव्हतं. म्हणूनच ते त्याला जास्त जाळू लागलं. हरिभाऊंनी विषय मिटवला. नागोजी दुखऱ्या गुडघ्याने पुन्हा क्लच मारू लागला.

रचनाने तक्रार केली नाही, आणि तेच त्याला सोसेना. एका सकाळी दारात उभ्या केलेल्या ट्रकमध्ये ती बसलेली दिसली. इंजिन बंद. क्लच, न्यूट्रल, रेस, क्लच, चौथा. पुन्हा तेच. नागोजीला बघून ती ओशाळली.

"माझंच चुकलं बघा मामा. रेस कमी पडली. तुमचं नाव घालवलं मी."

नागोजी भरल्या ताटावरून उठला. अंबुबाईने विचारलं तर गुडघा दुखतोय म्हणाला. शेवटी तो परसात भांडी घासत असलेल्या रचनाजवळ जाऊन उभा राहिला.

"तुझं काय चुकलं न्हवतं. माथ्यावर गिअर पाडाय मीच दिला न्हाय. आणि मालकाला निम्मंच सांगिटलं. माझी जागा जातीया असं वाटलं."

रचनाने हातातलं भांडं खाली ठेवलं. ती म्हणाली, "मला झोपंत बी त्यो आवाज येतोय, मामा. मला वाटत हुतं, मी तुम्हास्नी मारलं असतं."

ती रडली नाही. भांडी विसळून आत गेली.

नागोजी त्याच दिवशी बेळगावला गेला आणि हरिभाऊंपुढे सगळं बोलला. हरिभाऊंनी पुढ्यातली वही मिटली. "तुझा गुडघा बघून गाडी मी कालच दुसऱ्याला कबूल केली. आणि आता तुझा कुठला शब्द खरा धरू, नागोजी?"

गाडीही गेली आणि ऑफिसातल्या खुर्चीचं बोलणंही पुन्हा निघालं नाही. तो घरी बसला. रचना उसाच्या गळीत हंगामात ट्रॅक्टर चालवायला माहेरी गेली. फोन यायचा तो अंबुबाईला.

हंगाम संपल्यावर ती परत आली ती संकेश्वरच्या एका ट्रान्सपोर्टमध्ये कामाला लागूनच. पहिली खेप तवंदी घाट उतरून निपाणीवरून जायची होती. नागोजीने चाचरत विचारलं, "कुठं शिकलीस म्हणून विचारलं असंल त्यांनी. माझं नाव सांगिटलंस?"

"न्हाय मामा. माल भरलेली गाडी घाटातनं चालवून दावली."

ती हे रागाने म्हणाली नाही. त्याला चहा दिला, गुडघ्याला तेल लावलं का विचारलं आणि कामाला निघाली. नागोजी दारातून विचारणार होता, त्या गाडीचा गिअरबॉक्स कसा आहे म्हणून. पण तेवढा हक्क आता आपल्याला उरलाय का, हेच त्याला कळेना. ती वळणापलीकडे गेल्यावरही तो दारातच उभा होता.