टाकीतली लाल माती

जनवाड्याच्या शिवाप्पाला कुणी रामराम घातला, तर याला आपल्याकडून काय हवं असेल हा विचार आधी त्याच्या मनात यायचा आणि मग हात जोडले जायचे. बायकोने, अंबुबाईने, दोन भाकरी जास्त थापल्या की आज तुझ्या माहेरचं कोण यायलंय, असं तो विचारायचा. छप्पन्न सालानंतर रस्त्यापलीकडच्या चांगुणाबाईच्या घराने बुद्धाची दीक्षा घेतली, तेव्हा यामागे आतली गोष्ट काय असावी याचाही त्याने बरेच दिवस माग काढला होता. हाती काहीच लागलं नाही, त्यामुळे संशय उलट वाढला.

तसा माणूस कष्टाळू. आज्याने मेंढरं राखली, बापाने शेत धरलं, शिवाप्पाने म्हशी पाळल्या. बीदरच्या हॉटेलांना दूध घालायला त्याने एक जुनी फटफटी विकत घेतली. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवून तो निघाला की कुत्री मागे लागायची, आणि ती कुणी सोडली असतील हेही त्याला मनातल्या मनात ठाऊक असायचं.

म्हैसूरचं कर्नाटक झालं त्या सुमाराला पेट्रोल एकदम महागलं आणि शिवाप्पाची झोप उडाली. गावात नळी घालून पेट्रोल ओढणारे लोक आहेत, असं त्याने कुठेतरी ऐकलं होतं. शिवाप्पाच्या घरी दुधाच्या भांड्यांची एक रीत होती. भरलेलं भांडं उघड्यावर ठेवायचं नाही, आणि रिकामं केलेलं भांडं झाकायचं नाही, झाकलं की वास धरतं. ही रीत त्याने जशीच्या तशी फटफटीला लावली. रोज संध्याकाळी टाकीतलं पेट्रोल डब्यात काढायचं, डबा घरात कुलपात, आणि टाकीचं झाकण उघडं, आत वारा लागावा म्हणून. फटफटी पडवीत उभी. पावसाळ्यातही हाच क्रम. आपल्या हुशारीवर तो खूश होता.

पुढच्या पावसाळ्यात फटफटी वाटेतच बंद पडायला लागली. किक मारून पाय दुखायचा, ऊन चढायचं आणि दूध नासायचं. एके दिवशी त्याने टाकीखालची नळी काढून तळहातावर पेट्रोल घेतलं, तर त्यात लालभडक गाळ. बीदरकडची लाल माती तो जन्मापासून बघत आला होता. एकदा धोतराला लागली की सात पाण्यांत निघत नाही अशी ती माती. त्याने एक डोळा बारीक केला आणि चोर ओळखला.

चांगुणाबाईचा मुलगा व्यंकट लाल दगडाच्या खाणीवर ट्रक चालवायचा. संध्याकाळी घरी यायचा तो डोक्यापासून पायापर्यंत लाल होऊन. मागे एकदा त्याने फटफटी चालवायला मागितली होती आणि शिवाप्पाने त्याला चारचौघांत झिडकारलं होतं. राग धरला असणार. त्यानेच टाकीत माती ओतली, दुसरं कोण?

व्यंकटला नेमकी त्याच दिवसांत सरकारी बसवर ड्रायव्हरची नोकरी लागत होती. परीक्षा झाली होती, फक्त पोलिसाची चौकशी उरली होती. जमादार गावात येऊन शेजाऱ्यांना विचारणार, मुलगा कसा आहे, आणि शेजारी वाईट बोलला तर नोकरी गेलीच म्हणून समजायचं. शेजारी म्हणजे शिवाप्पा. येऊ दे जमादाराला, असं तो पिठाच्या गिरणीवर बोलला, चहाच्या टपरीवर बोलला, न्हाव्यासमोर मान वाकवून बसल्या जागीही बोलला. चांगुणाबाईच्या कानावर गेलं, तेव्हा तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"तुमी डोळ्यानं बघितलाव का?" अंबुबाईने विचारलं.

"चोर काय सांगून येतो व्हय?"

"लेकराच्या पोटावर पाय द्यायलाव तुमी. जरा इचार करा."

"तू कामून त्याची बाजू घ्यायलीस?" शिवाप्पाने विचारलं आणि तिच्याकडेही तसंच बारीक डोळ्याने बघितलं. अंबुबाई उठून भांडी घासायला गेली.

जमादारापुढे साक्षीदार हवा म्हणून त्याने बीदरहून बाबूलाल मिस्त्रीला आणलं. फटफटी त्याच्या दुकानात न्यायला शिवाप्पा तयार नव्हता, तिथे टाकी बदलली तर? बाबूलालने अंगणातच टाकी उतरवली, आरशाने उन्हाचा कवडसा आत सोडला आणि नाक मुरडलं.

"माती कुठली, अण्णा? जंग हाय हा. पत्रा आतून खाल्लाय."

"तुला व्यंकटनं काय सांगितलं?"

"कोन व्यंकट?"

बाबूलालचं घरही दीक्षा घेतलेल्यांपैकी, हे शिवाप्पाला माहीत होतं. दोघं आतून एक आहेत, त्याने मनाशी ठरवून टाकलं. तरी टाकी साफ करून घेणं भाग होतं. बाबूलालने चिंचेचं कढत पाणी आत ओतलं, मूठभर बारीक खडी टाकली, भोकांना लाकडी बुचं मारली. टाकी गोणपाटात गुंडाळून दोघांनी ती दुपारभर खळखळा हलवली. पाणी ओतलं की विटकरी रंगाचं निघायचं, पुन्हा चिंच, पुन्हा खडी. शेवटी पाणी निवळ आलं. आत कवडसा सोडला तर पत्रा नव्या ताटासारखा दिसला. शिवाप्पाच्या हातांची बोटं लाल झाली होती, पण त्याचं तिकडे लक्ष नव्हतं.

"आता लगेच आतून तेल फिरव आणि गळ्यापर्यंत पेट्रोल भर," बाबूलाल म्हणाला. "उघडी रिकामी ठिवलास तर परत लाल हुईल बघ."

तेल विकायचं असेल याला, शिवाप्पाच्या मनात आलं. मिस्त्री गेल्यावर त्याने टाकी पुन्हा एकदा साध्या पाण्याने विसळली आणि घरच्या रितीप्रमाणे तोंड उघडं ठेवून सुकायला ठेवली. या वेळी मात्र पडवीत नाही. धान्याच्या खोलीत, कुलूप लावून, किल्ली कमरेच्या करगोट्याला. आता बघतो कोण माती टाकतोय ते. बाहेर पावसाची झड लागली होती.

सकाळी कुलूप काढून त्याने टाकीत बोट फिरवलं. बोट लाल आलं.

त्याने कुलूप उलटसुलट करून पाहिलं. खिडकी नव्हती. किल्ली कमरेलाच होती. अंबुबाईचं नाव मनात आलं, पण ती तर शेजारी झोपलेली. तो तिथेच ज्वारीच्या पोत्यावर बसला. रोज संध्याकाळी कोण टाकी रिकामी करत होतं, कोण झाकण उघडं ठेवत होतं, हे एकेक करून त्याच्या ध्यानात यायला लागलं. आयुष्यात पहिल्यांदा शिवाप्पाला स्वतःची लाज वाटली.

जमादार नेमका त्याच सकाळी आला. गिरणीवरची बातमी त्याच्यापर्यंत पोचलीच होती.

"त्या पोरानं तुमच्या गाडीत माती टाकली म्हणतेत. खरं काय?"

माणसं जमली होती. चांगुणाबाई रस्त्यापलीकडे दाराची चौकट धरून उभी होती. खोटंच रेटलं असतं तर शिवाप्पाची अब्रू वाचली असती. त्याने टाकी उचलून जमादारापुढे आणली.

"माती न्हाई, सायेब. गंज हाय. मीच रोज टाकी रिकामी करून उघडी ठिवत होतो. पोरगा निर्मळ हाय. जे बोललो ते समदं खोटं हुतं."

लोक पोट धरून हसले. जमादारही हसला आणि गेला. व्यंकट तेवढा हसला नाही. गर्दी पांगल्यावर तो जवळ आला.

"काका, समद्या गावाला सांगितलाव. एकदा मला कामून इचारला न्हाईत?"

 शिवाप्पा खरं तेच बोलला.

"तू न्हाई म्हणला असतास. आन माझा इश्वास बसला नसता."

"मंग आज कसा बसला?"

"आज नाव घ्यायला दुसरं कुणी उरलंच न्हाई रे."

व्यंकटला नोकरी लागली. जनवाड्यावरून बस नेताना तो शिवाप्पासाठी थांबायचा, पुढची जागाही द्यायचा. चांगुणाबाईने मात्र त्याचं नाव टाकलं ते टाकलंच. तिच्या मयतीला शिवाप्पा गेला, तेव्हा तिचं तोंड बघायला पुढे व्हायचा त्याला धीर झाला नाही.