कांजिण्या कुठून आल्या

मुलुंडच्या गव्हाणपाड्यात तळमजल्याला प्रेमा परबच्या दोन खोल्या होत्या. त्यातल्या पुढच्या खोलीत ती बालवाडी चालवायची. सकाळी चटया अंथरल्या की आसपासची पोरं गोळा व्हायची, आणि प्रेमा त्यांना शेंबडासकट, रडण्यासकट पोटाशी धरायची. नवरा नंदकिशोर भांडुपच्या एका कारखान्यात फिटर होता. एकुलती एक अनुपमा, म्हणजे सगळ्यांची अनु, आईच्याच चटईवर वाढून पहिलीत गेली होती.

चौऱ्याऐंशीच्या पावसाळ्यात अनु सकाळी उठल्या उठल्या ओकायला लागली. आधी पित्तावर, मग जंतांवर औषधं झाली. ती चालताना भिंत धरायला लागली तेव्हा कुठे कोणीतरी मोठ्या हॉस्पिटलात धाडलं. डोक्याचा स्कॅन निघाला. मेंदूच्या मागच्या बाजूला गाठ होती. ऑपरेशन झालं, मग डोक्याला आणि पाठीच्या कण्याला किरणांचे शेक सुरू झाले, वर इंजेक्शनं. केस गेले, तोल गेला. सात वर्षांच्या घोडीला प्रेमा पुन्हा कडेवर घेऊन फिरू लागली.

पण पोर जगली. शेक संपल्यावर हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवलं.

"गाठ निघालीय. पण शेकाने आणि औषधांनी रक्त तयार होण्याची जागाच मार खाते. आजाराशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी हिच्या अंगात फार कमी राहिल्यात. दुसऱ्या मुलांना आठ दिवस ताप येऊन जाईल, तो हिला झेपणार नाही. गोवर, कांजिण्या तर वाऱ्यालाही नकोत. मुलांपासून लांब ठेवा."

"पण गोवराची लस टोचलीय तिला," प्रेमा म्हणाली.

"तिचाही आता किती उपयोग होईल, सांगता येत नाही."

"असं किती दिवस, डॉक्टर?"

"वर्षभर तरी. जास्तही लागेल."

कणकवलीहून आलेल्या सासूने हे ऐकलं आणि ती कपाळाला हात लावून म्हणाली, "चेडवाची राखणच उठली गो!" इतक्या वेळा डॉक्टरांकडे जाऊन प्रेमाला जे नीट उमगलं नव्हतं, ते त्या एका शब्दाने उमगलं. गावाची राखण करणारा देवच उठून गेला, तर वेशीवर उभं कोणी राहायचं? आपणच.

तिने बालवाडी बंद केली. चटया माळ्यावर गेल्या. पाणी उकळून, भांडी उकळून, नंदकिशोरला दारातच कपडे बदलायला लावून ती घर जपू लागली. आणि जिला पोरांशिवाय करमत नव्हतं, ती प्रेमा दारात पोर दिसलं की "ए, पळ तिकडे!" म्हणून अंगावर धावू लागली. कोणी खोकलं तरी ती दार लावून घ्यायची.

शेजारच्या सुहासिनीची लता ही अनुची जिवाभावाची मैत्रीण. दोघींना फक्त खिडकीच्या गजांतून बोलायची मुभा होती, तीही लता हातभर लांब उभी राहिली तरच. एकदा लता गजाला चिकटून अनुला सागरगोटे दाखवत होती. प्रेमाने आतून येऊन तिच्या हातावर फटका मारला. सुहासिनी तणतणत बाहेर आली.

"काय गं, माझ्या पोरीला काय खरूज झालीय?"

"तुझी पोरगी धडधाकट आहे बाई. माझी नाहीये, तिचं बघायला नको?"

तेव्हापासून दोघींचं बोलणं तुटलं. शिमग्याच्या आसपास पाड्यात कांजिण्यांची साथ आली आणि लतालाही कांजिण्या आल्या. प्रेमाने खिडकीला खिळे ठोकून घेतले. अंधाऱ्या खोलीत अनु विचारायची, "आई, लता बरी झाली का?" लता बरी झाली, खपल्या पडल्या, शाळेतही जायला लागली, तरी प्रेमाने खिडकी उघडली नाही. साथ ओसरली. अनुला काही झालं नाही. जिंकलो आपण, असं त्या दिवसांत प्रेमाला पहिल्यांदा वाटलं.

पण वर्षभराची जागरणं आणि अर्धपोटी दिवस कुठेतरी निघणारच. वैशाखात तिच्या डाव्या कुशीत आग पेटल्यासारखं दुखायला लागलं आणि मग कमरेवर बारीक फोडांचा पट्टा उठला.

"नागीण आसा," सासू म्हणाली. "कमरेचा वेटोळा पुरा होता नये." तिने गेरू उगाळून लावला.

नंदकिशोर म्हणाला, "डॉक्टरकडे जाऊन ये ना."

"नागीण तर आहे. अनुला कोणाकडे टाकून जाऊ?"

कांजिण्या पोरांच्या, नागीण मोठ्यांची. दोन्हीचा काही संबंध असेल असं त्या घरात कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. प्रेमा अनुला फक्त उजव्या कडेवर घ्यायला लागली. रात्री अनु पूर्वीसारखीच तिच्या कुशीत शिरून झोपायची.

नागिणीच्या खपल्या धरल्या, आणि अनुला ताप भरला. दुसऱ्या दिवशी पाठीवर पाण्याचे फोड दिसले. बघता बघता ते तोंडात, डोळ्यांच्या कडांना, सगळीकडे उठले, काळवंडले. हॉस्पिटलात नेईपर्यंत तिला धाप लागली होती.

"घरात कोणाला कांजिण्या?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"कोणालाच नाही. शेजारच्या मुलीला आल्या होत्या, पण त्याला दोन महिने होऊन गेले."

"एवढ्या उशिरा त्यातून नाही येणार. दुसरं कोणाला अंगावर काही उठलं होतं?"

"मला नागीण झाली होती, तेवढीच."

डॉक्टरीणबाईंनी हातातला केसपेपर खाली ठेवला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "दोन्हींचा विषाणू एकच असतो. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की तो अंगात दडून राहतो. माणूस खचलं की नागीण होऊन बाहेर येतो. आम्ही तुम्हाला मुलांपासून जपायला सांगितलं. हे सांगायला हवं होतं. नाही सांगितलं."

प्रेमा भिंतीला पाठ लावून उभी राहिली. ती रडली नाही. आठवडा उलटायच्या आत अनु गेली.

तेराव्यापर्यंत माणसांची ये-जा होती. ती थांबल्यावर पाड्यातली कुजबुज प्रेमाच्या कानावर आली. लताच्याच कांजिण्या बाधल्या, पोरगी चोरून खिडकीशी यायची म्हणे. नळावर बायका सुहासिनीशी बोलेनाशा झाल्या होत्या. नंदकिशोर म्हणाला, "बोलू दे लोकांना. आपलं ते आपल्यापाशी. स्वतःवर कशाला ओढवून घेतेस?"

प्रेमाने दोन दिवस त्याचं ऐकलं. तिसऱ्या दिवशी भरदुपारी ती सुहासिनीच्या दारात गेली. सुहासिनी तिला बघून हातातलं काम टाकून उठली.

"प्रेमा, शप्पत सांगते, मी लताला दाराबाहेर पाऊल टाकू दिलं नव्हतं गं. तीही धड जेवत नाहीये. 'माझ्यामुळे अनु गेली' म्हणते."

"कुठे आहे ती?"

लता पलंगामागे भिंतीकडे तोंड करून बसली होती. प्रेमा तिच्याजवळ जमिनीवर बसली.

"लता, अनुला तुझ्यामुळे काही झालेलं नाही. डॉक्टरांनी मला स्वतः सांगितलंय. माझ्या अंगावर नागीण उठली होती, तिच्यातून तिला कांजिण्या आल्या. माझ्यापासून."

सुहासिनीच्या तोंडून सुटकेचा एक श्वास निघाला. तो प्रेमाला ऐकू आला, आणि प्रेमाने तो ऐकल्याचं सुहासिनीलाही कळलं. तिने पदर तोंडाशी नेला.

लता वळली. तिने प्रेमाकडे टक लावून बघितलं. "मग काकू, तुम्ही तिला जवळ कशाला घेतलंत?"

"लता!" सुहासिनी ओरडली.

"विचारू दे तिला," प्रेमा म्हणाली. "मला माहीत नव्हतं गं. आणि तिला माझ्याशिवाय झोप यायची नाही."

लता उठून मोरीत तोंड धुवायला गेली. सुहासिनीने चहा ठेवते म्हटलं, प्रेमा नको म्हणाली.

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट पाडाभर झाली. नळावर सुहासिनीची घागर पुन्हा रांगेत लागली. प्रेमा आली की मात्र बायका घाईघाईने तिला पुढे जाऊ देत, आणि कोणी तिच्या तोंडाकडे बघत नसे.