सुनंदाची चाल

काल दूध आणायला जरा लवकर बाहेर पडले, तर समोरच्या मैदानावर सुनंदा दिसली. गुडघा दुखतो म्हणून पंधरा दिवस घरी बसलेली माझी शेजारीण चार बायकांबरोबर झपझप चालत होती.

तीन वर्षं आम्ही दोघी रोज संध्याकाळी चालायला जायचो. आज उसळ कसली केलीस, भाकरी ज्वारीची की बाजरीची, अशा गप्पांत फेऱ्या कधी संपायच्या कळायचंही नाही. डॉक्टरांनी बंद करायला सांगितलेलं गोडधोडही त्या नादात हसतहसत सुटलं.

मला पाहून ती थांबली.

"अगं, सांगणारच होते. तुझ्याबरोबर नुसत्या गप्पाच होतात. घाम येत नाही."

"मग गुडघा दुखतो म्हणालीस, ते?"

पुढे गेलेल्या बायकांना गाठायला ती झपझप निघाली.

खरं सांगितलं असतं, तर मीही भराभर पाय उचलले असते. आज संध्याकाळी एकटीच गेले आणि दुसऱ्याच फेरीला परत फिरले. तब्येतीसाठी चालते, असं मी सगळ्यांना सांगायचे. मला चालण्याची गोडी लागलीच नव्हती. सुनंदाची लागली होती.