आंघोळीआधीचा फोटो

ती पोर आजही डोळ्यांपुढून हलत नाही. नव्वदीची सुरुवात होती. मी पनवेलला पोलीस ठाण्यात होते.

एका दुपारी एसटी स्टँडजवळ मासळी विकणारी कोळीण पाचेक वर्षांच्या मुलीला हाताला धरून घेऊन आली.

"बाय, सकालपासून माज्या पाटीपाशी बसलेय. बोलत नाय. कोलंबी दाखवली तरी नाय!"

"अगं, कच्ची कोलंबी कोण खाणार?"

"फुकटची आसली तं पोलीस खातान," म्हणाली आणि स्वतःच खो खो हसली.

पोरगी धुळीनं माखलेली, केसांच्या जटा झालेल्या. स्टेशन डायरीत नोंद केली आणि मला काही राहवलं नाही. तिला क्वार्टरवर नेलं, कढत पाण्यानं घासून आंघोळ घातली. उवा एवढ्या, की केस अगदी बारीक कापले. माझ्या लेकीचा इस्त्रीचा फ्रॉक घातला, पावडर लावली आणि मग स्टुडिओत नेऊन फोटो काढला. काय गोड दिसत होती म्हणून सांगू!

मुद्देमाल सांभाळणाऱ्या जुन्या हवालदारकाकांनी मात्र तिचं फाटकं झबलं न धुता कागदात बांधून, चिठ्ठी लावून कपाटात ठेवलं.

"काका, चिंध्यांचा कसला खजिना करताय?" मी चिडवलं.

"पोरीसोबत आलंय ना? मग राहू दे," एवढंच म्हणाले.

खांदा कॉलनीत एक संस्था हरवलेली मुलं सांभाळायची. मुलीला तिथं ठेवलं. बालकल्याण मंडळानं आठ दिवसांची मुदत दिली. तोवर आईबाप मिळाले नाहीत, तर तिची रवानगी लांबच्या सरकारी बालगृहात. नाव नाही, गाव नाही. एकदा तिकडं गेली की तिच्या आईनं तिला शोधायचं तरी कुठं? वायरलेस झाले, स्टँडवर फोटो लागले. कुणी फिरकलं नाही.

रोज ड्युटी सुटली की मी जायची. नाव-गाव विचारलं की ती भिंतीकडे तोंड करायची. मग मी विचारणंच सोडलं. नुसती शेजारी बसून लसूण सोलायची. सहाव्या दिवशी बघते तर बाईसाहेब अंगणात ओली माती काडेपेटीच्या खोक्यात दाबून भरतायत, खोकं उलटं करून ओळीनं वाळत घालतायत! संस्थेच्या ताई म्हणाल्या, "हे रोजचंच चाललंय. आम्ही ओरडतो, कपडे खराब करते म्हणून."

अहो, त्या विटा होत्या. पोर वीटभट्टीवरची!

सातव्या दिवशी फोटो घेऊन भट्ट्या पालथ्या घातल्या. गव्हाणच्या बाजूला एका भट्टीवर आदिवासी कुटुंबं विटा पाडत होती. खाकी बघून सगळे गप्प. एका बाईनं फोटो हातात घेतला, उलटासुलटा केला.

"ही शेटाची पोर हाय. आमची नाय."

परत आले ती तोंड पाडून. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तू दाखवलीस तुझी पोर. तिच्या आईची कुठं दाखवलीस?" आणि कपाटातलं पुडकं माझ्या हातात ठेवलं.

आठव्या दिवशी सकाळीच साधी साडी नेसून, पुडकं घेऊन तिथंच गेले. झबल्याला पाठीवर लुगड्याच्या काठाचं ठिगळ होतं. कालच्याच बाईनं ते बघितलं आणि चिखलाच्या हातांनी झबलं छातीशी धरून खालीच बसली. ठिगळ तिनंच लावलेलं. पनवेलच्या बाजाराहून परतताना भट्टीचे दोन ट्रक होते; पोर दुसऱ्या ट्रकात मावशीपाशी असेल असं तिला वाटलं, आणि मावशीला वाटलं आईपाशी.

"ठाण्यात का नाही आलीस गं?"

"आलते. दोनदा. भाईर उभी रायले. आत कोन घेतो आमाला?"

मंडळासमोर पोरीनं आईला बघितलं आणि आठ दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडलं. भोकाडच पसरलं! आई मात्र तिच्या डोक्यावरून हात फिरवत माझ्याकडे बघत राहिली.

"बाय, केस कुटं गेलं?"

मी म्हटलं, "चुकलं माझं."

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत ठाण्यात कुठलंही मूल आलं, की आधी फोटो, मग आंघोळ. पोरीबाळी रडक्या, मळक्या, शेंबड्या असतील तशा. नव्या शिपाई मुली म्हणायच्या, "मॅडम, निदान नाक तरी पुसू द्या."

"नको गं," मी म्हणायची, "तिची आई याच नाकावरून ओळखणार आहे तिला."