अक्काचा नऊ व्होल्टचा दिवा

भाच्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडला घरीच होते. "मावशी, आई गेली..." एवढंच तो बोलू शकला. अक्काच्या गावी, अहमदपूरला पोचेपर्यंत एसटीत मला अक्काचा जळलेला एलईडीच का आठवत राहिला, कुणास ठाऊक.

अक्का माझी थोरली बहीण. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली, साधा प्लग काढायलाही भिणारी. पण दाजींना ऐकू येईनासं झालं, आणि एकदा ती न्हाणीत घसरून पडली. हाका मारून थकली. दाजी पलीकडच्याच खोलीत पेपर वाचत होते. शेजारीण आली म्हणून सुटका झाली. त्यानंतर अक्का न्हाणीत गेली की दाजी बाहेर दाराशी उभे राहायचे. "ह्या माणसानं असा पहाराच देत बसायचा का?" म्हणत तिनं मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकायला घेतलं. न्हाणीत बटण, दाजींच्या खुर्चीसमोर दिवा.

पहिला एलईडी तिनं थेट नऊ व्होल्टच्या चौकोनी सेलला जोडला. झगझगला आणि गेला. मी तेव्हा तिच्याकडेच राहायला गेले होते. मी हसले, ती नाही. मग व्होल्ट मोजायचा मीटर आणला. त्याचं एकच टोक सेलला लावलं, तर शून्य. "मेला का काय गं हा?" दुसरंही लावलं तेव्हा आकडा उमटला. बराच वेळ ती बघत राहिली... मग मला हाताला धरून अंगणातल्या नळापाशी नेलं.

"सुमे, नळ बंद हाय. पाणी वाहून नाही राहिलं. पण टाकीचा दाब हाय का न्हाई?"

"हाय की."

"तेच व्होल्टेज! वरचा अन् खालचा फरक. एकाच टोकाला कसा दिसंल? अन् एवढुशा दिव्याला तेवढं सोसलं न्हाई. मधी विजेला आवरणारा रेझिस्टर पाहिजे."

साठी उलटलेली अक्का परीक्षेत पहिली आल्यासारखी हसत होती. दिवा पहिल्यांदा लागला तेव्हा दाजी लगबगीनं न्हाणीपर्यंत गेले. "बोलावलंस?" तिनं नुसती मान हलवली. त्या दिवशी तिनं त्यांना किती वेळा उगाचच बोलावलं असेल!

ती गेली त्या सकाळी न्हाणीतच तिच्या छातीत कळ आली. पुढचं दाजींनी परवा सांगितलं. "दिवा लागला तसा गेलो गं मी. दार लोटलेलंच होतं. डोकं मांडीवर घेतलं. काहीतरी बोलली... मला ऐकू आलं न्हाई, पण ओठ कळले. 'आलात?' म्हणाली."