लायसनवाल्यांचे उस्ताद

“काय दिसून राह्यलं? बोल.”

उस्ताद गाडीत शेजारी बसले की पहिलं वाक्य हे. मग डावं कोपर खिडकीबाहेर काढायचे आणि रस्त्याकडं न बघता आपल्या तोंडाकडं बघत बसायचे. चालवणाऱ्यानं जे दिसेल ते मोठ्यानं सांगायचं.

“बैलगाडी. पुढं बाभळ. बाभळीखाली शेळी.”

“शेळीच? राखनारं कुठं हाय?”

राखणारं दिसत नसायचं. म्हणजे ते बाभळीच्या पलीकडं असणार, आणि शेळी रस्त्यावर आली की तेही तिच्यामागं धावत येणार. हे आपल्या डोक्यात शिरेपर्यंत उस्तादांनी आपला पाय ब्रेकवर आणवलेला असायचा.

तुम्ही म्हणाल, नवशिक्यांना असंच शिकवतात. पण आम्ही नवशिके नव्हतो. सगळे लायसनवाले होतो. मी तीन वर्षं ट्रक हाकून आलो होतो आणि माझ्याइतकं कुणाला येत नाही अशी माझी खात्री होती. उस्तादांनी माझं लायसन उलटसुलट करून पाहिलं, परत दिलं आणि म्हणाले, “हे बराबर हाय. आता गाडी शिकू.”

ती दुष्काळाची वर्षं. परतूरच्या एका ठेकेदाराला गावोगाव पाणी पोचवायचं काम मिळालं होतं. त्याला आम्ही शेठ म्हणायचो. त्यानं जुन्या ट्रकांवर लोखंडी टाक्या बसवून टँकर केले आणि मिळतील ते ड्रायव्हर गोळा केले. पहिल्याच महिन्यात दोन टँकर रस्ता सोडून नाल्यात गेले, तेव्हा कुठं शेठनं उस्तादांना बोलावून आणलं. फौजेत अवजड गाड्या चालवून ते घरी परतले होते. छप्पन साली दीक्षा घेतलेल्या घरातले. हे त्यांनी कधी मुद्दाम सांगितलं नाही, कधी लपवलंही नाही. मी सांगतोय, कारण पुढं जे झालं ते त्याशिवाय कळणार नाही.

एका सकाळी त्यांनी आम्हा सहा जणांना रिकाम्या ट्रकच्या हौद्यात उभं केलं आणि स्वतः चालवायला बसले. आम्ही जसं चालवायचो, थेट तसंच चालवलं. दोन फर्लांगात मी हौद्याच्या मागच्या फळीवर, फाळक्यावर आदळलो, एकाच्या ओठातून रक्त आलं, एक जण देवाचं नाव घेत खाली बसला. गाडी थांबवून उस्ताद मागं आले.

“कळलं का, मागच्याला तुमी कसे दिसता?”

मग त्यांनाच हसू फुटलं आणि आम्ही सगळेच हसलो.

टँकरचं त्यांचं एक सांगणं होतं. “भरलेली टाकी गप ऱ्हाते. रिकामी बी गप ऱ्हाते. अर्धी टाकी म्हंजे मागं बसलेला दुसरा ड्रायव्हर. तू थांबतू, त्यो थांबत न्हाई. तू वळतू, त्यो सरळ जातू.” म्हणून एका गावात अर्धं पाणी सोडून पुढच्या गावाला निघालं, की ते हटकून शेजारी येऊन बसायचे. उतारावर गाडी सोडायच्या आधी खालचा गिअर टाकायला लावायचे. आम्ही वैतागायचो. पण त्या उन्हाळ्यात नंतर आम्हा सहांपैकी कुणाचाही टँकर कलंडला नाही, हेही तितकंच खरं.

एकदा उस्ताद आणि मी एका गावात गेलो. टँकर त्यांनीच चालवला होता. विहिरीपाशी उतरून त्यांनी पाइपाला हात घातला, तसा त्यांना ओळखणारा एक म्हातारा पुढं आला.

“तुमी नका. ह्या ड्रायव्हरला लावू द्या.”

उस्तादांनी पाइप माझ्या हातात दिला आणि केबिनमध्ये जाऊन बसले. परतताना मी चालवत होतो. मला राहवलं नाही. म्हणालो, “उस्ताद, पानी तर तुमीच आनलं व्हतं.”

“समोर बघ. काय दिसून राह्यलं?”

“रस्ता.”

“मंग रस्ताच बघ.”

पुढच्या महिन्यात शेठचा मेव्हणा आला. पंचविशीतला, अंगात रेशमी शर्ट, खिशात लायसन. त्यालाही टँकर चालवायचा होता. उस्ताद खिडकीशी बसले, मी मधे इंजिनाच्या पेटीवर. मेव्हण्यानं गाडी सोडली.

“काय दिसून राह्यलं, भाऊ?”

“मला दिसतंय. तुमाला सांगायची गरज न्हाई.”

तीन मैलांत त्यानं एका सायकलवाल्याला शेतात उतरवलं आणि वळणावर अर्धी टाकी अशी हेलावली की मी उस्तादांच्या अंगावर जाऊन पडलो. परत आल्यावर उस्ताद सरळ शेठपुढं गेले. मी त्यांच्या मागं उभा होतो.

“शेठ, ह्यांना टँकर देऊ नका. अजून दोन महिने माझ्याजवळ ऱ्हाऊ द्या. मंग बघू.”

“घरचा मानूस हाय, उस्ताद.”

“म्हनूनच म्हन्तो.”

चार दिवसांनी एक ड्रायव्हर तापानं पडला. उस्ताद दुसऱ्या गाडीबरोबर गेले होते. शेठनं मेव्हण्याला पाठवलं. कुंभार पिंपळगावच्या वाटेवर एक लांब उतार आहे, आणि उताराच्या तळाशी वळण. टाकी अर्धी होती. वळणावर बायका घागरी घेऊन टँकरचीच वाट बघत उभ्या होत्या. टँकर दिसला म्हणून त्या पुढं धावल्या. तो त्यांच्या बाजूला कलंडला. बाकीच्या वाचल्या, एक बाई टाकीखाली सापडली. तिला बाहेर काढायला दुपार झाली. सांडलेल्या पाण्यानं सगळा चिखल झाला होता.

दुसऱ्या दिवशी फौजदार शेठच्या घरी आले. गावचे लोकही आले होते, चिडलेले. शेठ सगळ्यांच्या देखत म्हणाला, “आमी शिकवायला मानूस ठेवलाय. त्यानं पास केलं, म्हनून गाडी दिली.”

उस्ताद पुढं झाले. “मी न्हाई म्हनलो व्हतो. बिलकुल न्हाई म्हनलो व्हतो. हा तिथंच व्हता.”

फौजदारांनी माझ्याकडं पाहिलं. शेठनंही पाहिलं.

“मला म्हाईत न्हाई,” मी म्हणालो. “मी तिथं नव्हतो.”

घरी खाणारी सहा माणसं होती आणि त्या वर्षी दुसरं काम मिळत नव्हतं. त्या क्षणी मी स्वतःला हेच सांगितलं. खरं कारण आणखी वाईट होतं. ह्या माणसाच्या बाजूनं उभं राहिलो नाही म्हणून मला गावात कुणी नाव ठेवणार नव्हतं, आणि ते मला पक्कं ठाऊक होतं. त्यांच्या जागी आमच्यातला कुणी असता, तर माझी जीभ अशी सहज वळली नसती.

उस्तादांनी मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ते फक्त, “बरं,” म्हणाले. गर्दीतून कुणीतरी त्यांच्या जातीवरून ओरडलं. त्यांनी खुंटीवरचा सदरा घेतला, बाहेर पडले आणि चालत निघाले.

मेव्हणा थोडक्यात सुटला. उस्तादांना मात्र त्या भागात कुणी गाडीला हात लावू दिला नाही. ‘बाई मारली ती ह्याच्याच शिकवणीतल्यानं,’ असं लोक म्हणायचे. मीही ते ऐकायचो आणि चहा पीत राहायचो.

दोन वर्षांनी मी कापसाचा ट्रक घेऊन परतूरकडं येत होतो. सकाळची वेळ. पुढं रस्त्याच्या कडेनं एक माणूस खांद्याला पिशवी लावून ताठ चालला होता. पाठीवरूनच ओळखलं. ट्रक थांबवला, अंग झुकवून डावीकडचं दार उघडलं.

“उस्ताद, बसा. टेसनापर्यंत सोडतो.”

ते थांबले. माझ्याकडं पाहिलंच नाही. वाकून ट्रकच्या खाली नजर टाकली, मागपर्यंत गेले, परत आले.

“मागच्या डाव्या चाकात हवा कमी हाय,” म्हणाले. “वझं हाय. असाच जाऊ नको.”

मी उडी मारून खाली उतरलो, मागं जाऊन वाकलो. चाक खरंच बसलं होतं. उठून उभा राहिलो तेव्हा रस्ता रिकामा होता. नांगरलेल्या रानातून, ढेकळं तुडवत, ते दूर चालले होते.